सातव्या शोधनिबंधातून वगळलेली

माझ्या प्रकाशित शोधनिबंधांची यादी आता चार पानांची झाली आहे. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ती मागतंच. कधी बढतीसाठी, कधी अनुदानासाठी, कधी कुठल्या तरी समितीवर घ्यायचं म्हणून. पाठवण्याआधी मी ती वरून खाली एकदा वाचते, स्वल्पविराम तपासते, आणि सातव्या क्रमांकाशी आले की सरळ आठव्यावर जाते. सातवा मी वाचत नाही. पूर्वी तोच माझा सगळ्यात लाडका होता, कारण त्यात माझ्या गावच्या बायका आहेत.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मी डॉक्टर नाही. नावाआधी डॉक्टर लागतं, पण ते संख्याशास्त्राचं. मेंदूचा एमआरआय काढला की त्या चित्रांतून लाखो आकडे निघतात, आणि त्या आकड्यांचं पुढे काय करायचं हे मी ठरवते. सगळी डोकी एका साच्यात बसवायची, ताणून-दाबून सारखी करायची, जराशी पुसट करायची आणि मग सरासरी काढायची. एका माणसाच्या डोक्यात काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. ऐकायला वाईट वाटेल, पण आमच्या धंद्यात एकटा माणूस ही अडचणच असते. तो सरासरीत विरघळला की काम झालं.

हे माझ्या गावात, मेडशीत, कुणाला पटत नाही. एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत दोघं-तिघं तरी मला गाठतात. कुणाचा पाहुणा मंगरूळपीरहून डोक्याची काळी फिल्म पिशवीत घालून आलेला असतो. ती उन्हात धरून तो विचारतो, "पाय बरं ताई, काई दिसते का?" मी म्हणते, मला त्यातलं कळत नाही, मी तशी डॉक्टर नाही. "मंग कायची डाक्टर?" हिशोबाची, मी म्हणते. लोक हसतात आणि माझ्या पाठीमागे म्हणतात, बाई भाव खाऊन राह्यली.

त्या वर्षी आम्हांला शाळेत कधीच न गेलेल्या, साठीच्या पुढच्या बायका हव्या होत्या. आमचे साचे सगळे शिकलेल्या, शहरातल्या माणसांच्या डोक्यांवरून बनलेले. ते अशा बायकांना बसतात की नाही, हे तपासायचं होतं. शहरात अशा बायका मिळेनात, मिळाल्या तर त्या यंत्रात झोपायला तयार होईनात. मी बैठकीत मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझ्या गावात चला, पाहिजेत तेवढ्या देते.

देणारी मी कोण होते? देणारी होती शेजारची काकू. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सोयाबीनच्या निंदणाला बायकांची टोळी घेऊन जायची ती, आणि आई तिच्या टोळीतली. काकू म्हणेल तेव्हा टोळी उठायची, काकू म्हणेल तेव्हा बसायची. ती स्वतः कधी स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. बसली तरी तूर निवडणार, नाही तर कुणाच्या तरी पोरीची वेणी घालणार. लहानपणी तिने मला दोनदा मारलं होतं, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

विहारात सभा घेतली. काकूने आणि आईने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. मी संमतिपत्र वाचून दाखवलं. त्यात एक ओळ होती, तपासणीत काही आजार आढळल्यास आपणांस कळवण्यात येईल. ती सरकारी भाषा त्यांना काय कळणार, म्हणून मी आपल्या बोलीत सांगितलं, "डोक्यात काई निघालं त मी सोता येऊन सांगन."

काकू पहिल्याच रांगेत होती. तिने विचारलं, "अन् नाही निघालं तं?"

"तं कायले येऊ? मी नाही आली म्हंजे चांगलं हाये, असं समजा."

बायका हसल्या. काकूने सगळ्यांत आधी अंगठा उठवला. तिचा पाहिल्यावर बाकीच्यांनी उठवले.

दोन जीपा करून आम्ही अकोल्याला एका स्कॅन सेंटरवर गेलो. यंत्रात लोखंड चालत नाही, धातू नको, म्हणून बायकांनी गळ्यातल्या पोती, बांगड्या, पोलक्याच्या सेफ्टी पिना सगळं काढून जिच्या तिच्या रुमालात बांधून ठेवलं. काकूची जोडवी साबण लावूनही निघेनात. शेवटी दोघींनी मिळून तिचा पाय धरला आणि तिसरीने ओढली. काकू शिव्या देत हसत होती. एरवी पाहुण्यांच्या लग्नाला निघाल्यासारखी सगळी मौज होती.

यंत्रात आवाज फार होतो. सोयाबीन काढायच्या हडंबा मशिनीत डोकं घातल्यासारखं वाटतं, असं पहिली आत जाऊन आलेली बाई म्हणाली. काकूला आवाजाचं काही वाटलं नाही. तिची अडचण वेगळीच झाली. आत बोलायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. आणि दर काही मिनिटांनी यंत्र चालवणारा माइकवरून विचारायचा, "आजी, बरं आहे ना?" कुणी विचारलं आणि आपण गप्प राहिलो, हे काकूच्या स्वभावात बसणारं नव्हतं. बोलायचं नाही म्हणून ती दर वेळी जोरात मान हलवायची. मी काचेच्या अलीकडे बसून हे पाहत होते. तो माणूस वैतागला, मला हसू आलं. पुन्हा काढायला वेळ नव्हता, बाहेर बायका थांबल्या होत्या.

आता डोकं किती हललेलं चालतं, याची एक मर्यादा असते. तिळाएवढी हालचाल सोसते, त्याच्या वर गेली की चित्र बाद. ही मर्यादा कशी ठरवावी, यावर माझाच सहावा शोधनिबंध आहे. त्याप्रमाणे मी एक प्रोग्राम लिहिला होता. तो प्रत्येक स्कॅन तपासायचा. चांगले असतील ते एका फोल्डरमध्ये टाकायचा, आणि ते फोल्डर रेडिओलॉजिस्टकडे जायचं. त्या डॉक्टरांनी प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहून काही दोष असेल तर आम्हांला सांगायचं, असं ठरलं होतं. बाद झालेले दुसऱ्या फोल्डरमध्ये पडायचे. ते फोल्डर कुठेही जात नव्हतं. हललेलं चित्र डॉक्टरांना कशाला दाखवायचं, त्यांचा वेळ का घालवायचा, असा विचार मी केला होता. दुसऱ्या कुणी नाही, मीच. त्या वेळी तो मला फार शहाणपणाचा वाटला होता.

त्या फोल्डरमध्ये एकच स्कॅन पडला. तिथे नावं नसतात, क्रमांक असतात. शोधनिबंधात मी एक वाक्य लिहिलं, एका सहभागीस डोक्याच्या अतिरिक्त हालचालीमुळे विश्लेषणातून वगळण्यात आले. लिहिताना ही सहभागी कोण, असा प्रश्नही मला पडला नाही. काचेपलीकडे मान हलवणारी काकू मी पाहिली होती आणि वगळलेला क्रमांकही पाहिला होता. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या आणि मी त्यांची गाठ घातली नाही.

निबंध चांगल्या ठिकाणी छापून आला. लोकांनी त्याचे दाखले दिले, मला परिषदांना बोलावणी आली. सुटीत गावी गेले तेव्हा काकू टोळीतल्या तरण्या बायकांना सांगत होती, "आमची डोकी विलायतेत छापून आली, तुमची कुठी आली?" मी तिला पेढे दिले.

दोन वर्षांनी काकूचं डोकं दुखायला लागलं. आई फोनवर सांगायची. सकाळी जास्त दुखतं म्हणे. मग काकू चालताना एका अंगाला जायला लागली. निंदणात ओळ सोडून दुसऱ्या ओळीत शिरायला लागली. बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मी आईला म्हणाले, डॉक्टरला दाखवा. आई म्हणाली, "आयकत नाही ना ते. म्हनते, पोरीनं पायलं हाये माहं डोकं. काई असतं तं आली नसती का ते?"

मी एका अहवालाच्या गडबडीत होते. "तरी दाखवा म्हणावं," असं म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी मला तो प्रोग्राम, ते फोल्डर, काही आठवलं नाही. आठवायला किती लागलं असतं, हे मी नंतर पुष्कळदा मनाशी मोजलं आहे. आठवलं असतं तर पाच मिनिटांत ते चित्र उघडता आलं असतं.

काकू भोवळ येऊन पडली तेव्हा तिला अकोल्याला नेलं. गाठ होती, फार वाढली होती, उशीर झाला, असं तिथे म्हणाले. पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. मी गावी आले, रडले, तिसऱ्या दिवशी परत गेले. दुःख खरं होतं, पण त्यात माझा काही दोष आहे असं मला वाटलं नव्हतं, म्हणून ते सोसवलं.

काकूला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. संक्रांतीच्या आधीचे दिवस. माझी एक विद्यार्थिनी हललेले स्कॅन दुरुस्त करायची नवी पद्धत बसवत होती. जुन्या कामांतले बाद स्कॅन तिने माझ्याच परवानगीने घेतले होते. एके दुपारी ती आनंदाने कागद घेऊन आली. "मॅडम, हा सगळ्यांत खराब होता. बघा किती स्वच्छ झाला!" कागदावर दोन चित्रं होती, आधीचं आणि नंतरचं. नंतरच्या चित्रात डाव्या कानाच्या वर, कवटीला लागून, एक गोल पांढरी गाठ होती. मी डॉक्टर नाही. पण ती दिसायला डॉक्टर असायची गरज नव्हती. आणि आधीच्या, हललेल्या चित्रातही ती होती. पुसट होती, पण होती. कुणी नुसती नजर टाकली असती तरी तिथे अडली असती.

क्रमांक पाहिला. कपाटातून संमतिपत्रांचं बाड काढलं. त्या क्रमांकाच्या कागदावर सगळ्यांत आधी उठवलेला तो अंगठा होता.

ओळखीच्या एका मेंदूच्या सर्जनला मी ते चित्र दाखवलं, कुणाचं ते न सांगता. तो म्हणाला, ही सावकाश वाढणारी जात आहे, या वेळी काढली असती तर बाई बरी झाली असती. मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यात बसले. विद्यार्थिनीला ते चित्र तिच्या निबंधातून काढायला सांगितलं. सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे, का काढायचं, असं ती विचारत होती. मी तिच्यावर उगाच खेकसले.

त्याच आठवड्यात गावी जाऊन काकूच्या नवऱ्याला, काकांना, सांगायला हवं होतं. मी गेले नाही. जूनमध्ये माझी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. सर्वोत्तम पाच शोधनिबंध द्यायचे होते, त्यांत सातवा होता. हे बाहेर आलं तर चौकशी होणार, मुलाखत लांबणार, कदाचित रद्द होणार. मी मनाला समजावलं की काकू तर गेली, आता पाच महिन्यांनी असा काय फरक पडणार आहे. मुलाखत झाली की जाते, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला जबाबदारीचं बोलणं वाटायला लागलं.

मुलाखत छान झाली. सातव्या निबंधावर एकाने विचारलं, ग्रामीण भागातल्या बायका तयार कशा झाल्या? मी म्हणाले, विश्वासामुळे. निवड झाली. जुलैत मी संशोधनाच्या नीतिनियमांवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीला सगळं लिहून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मेडशीला आले.

आईला आधी सांगितलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कायले सांगतं आता त्याईले? गेलेलं मानूस येनार हाये का वापस?" थोड्या वेळाने तिने खरं काय ते सांगितलं. "त्या बायाईले मीनं अन् तिनंच गोळा केलं होतं. आता ते गेली. मी कोनाले तोंड दाखवू?" तिच्यासाठी मला थांबता आलं असतं. आणखी एक निमित्त झालं असतं. मी गेले.

काका ओट्यावर फवारणीचा पंप उघडून बसले होते. वय झालं आहे, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोठ्याने, एकेक वाक्य करून सांगितलं. गल्लीतल्या दोन बाया जाता जाता थांबल्या. त्यांनीही ऐकलं.

काका पंपाची नळी पुसत राहिले. "म्हंजे तवाच होतं?"

"होतं."

"अन् मशिनीनं काढलं होतं?"

"काढलं होतं. पायलं नाही कोनी."

"तूनं बी नाही?"

"मीनं बी नाही."

ते रागावतील म्हणून मी तयारी करून आले होते. त्यांनी मला काही म्हटलं नाही, ते मला जास्त कठीण गेलं. ते म्हणाले, "मी म्हनो तिले, चाल अकोल्याले. ते म्हने, काई नाही मले, पोरगी आली असती. मंग मले बी वाटलं, एवढ्या मोठ्या मशिनीत पायलं, काई नसन." नळी बाजूला ठेवून ते पुढे म्हणाले, "माह्या पोरीले हे खरं वाटत नाही. ते म्हनते, तुमीनं कटाळा केला, म्हनून माय गेली. दोन वर्सं होतीन आता, बोलत नाही माह्याशी. वैशाखात तिच्या पोरीचं, माह्या नातीचं, लगन झालं कामरगावले. गावातल्या चार घरी पत्रिका आली. मले नाही आली."

काकांची ही मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका पाटीवर लिहिलेल्या. बापलेकींचं बिनसलंय एवढं मला ठाऊक होतं, पण कशावरून ते मी कधी विचारलं नव्हतं. काकूच्या जाण्याचा ठपका इतके दिवस या माणसाच्या डोक्यावर होता, आणि तो माझा होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"तूच सांग तिले," काका म्हणाले. "लाव फोन. माह्या तोंडचं तिले पटत नाही."

मी फोन लावला. काकांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला. तिने उचलला, मला ओळखून खूश झाली. प्रोफेसर झाली म्हणे तू, म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐकून घे. आणि काकांना सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं.

मग तिने विचारलं, "मंग बा नेतो म्हने, ते खरं होतं?"

"खरं होतं. काकूच नाही म्हने. माह्यामुळं."

ती रडायला लागली. तोंडावर पदर धरून रडावं तसा दाबलेला आवाज येत होता. काका फोनकडे पाहत होते. मधेच ते वाकून म्हणाले, "नोको रडू व माय," पण ते तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मला वाटलं, उशिरा का होईना, एक तरी गोष्ट सुधारली. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटायला लागलं होतं.

मग तिचं रडणं थांबलं. नाक ओढून तिने विचारलं, "तुले कवा कळलं हे?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. ते माझ्या तोंडात तयारच होतं. काका माझ्याकडे बघत होते.

"संक्रांतीच्या आधी," मी म्हणाले.

ती हिशोब करत असावी. तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

"म्हंजे लगनाच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

फोन स्पीकरवरच होता. काकांनी ऐकलं.